आबांची उतरण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगायला बसले की चहा ठेवायला उठते, नाहीतर कुणाचा तरी फोन येतो — येत नसला तर मीच कुणाला तरी लावते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मधेच थांबले तर थोडं थांबा.

माझं माहेर निमगाव केतकी. आता मी बारामतीत असते, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. बाजाराच्या दिवशी निमगावात एसटीतून उतरले की कुणीतरी म्हातारी माझा हात धरते आणि शेजारणीला सांगते, ‘हीच ती मंदा. बापासाठी हायकोर्टात गेली. लेक असावी तर अशी.’ मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, पोरीला गर्व नाही. मग त्या म्हातारीच्या पिशवीतली मेथी बघत मी काहीतरी बोलते आणि वाट काढते.

गेले, हे खरं आहे. बापासाठी गेले का — तेच सांगायचंय. पण आधी कुसुमचं सांगायला हवं. तिच्यावाचून हे कळायचं नाही.

कुसुम माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. बावड्याची. तिच्या माहेरी ऊस, आमच्याकडं पानमळा. लग्न होऊन आली तेव्हा तिला विड्याच्या पानाचा देठसुद्धा नीट खुडता येत नव्हता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सगळं शिकवलं. पान कुठलं खुडायचं, कुठलं ठेवायचं, पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, कशा लावायच्या. आणि उतरण. पानवेल आधाराच्या शेवरीच्या झाडावर चढत चढत फार वर गेला की पान बारकं पडायला लागतं. मग लव्हाळ्याचे बंध सोडून अख्खा वेल हलक्या हातानं खाली घ्यायचा, बुडाशी त्याची वेटोळी करायची आणि वर माती ओढायची. मातीतनं तो परत फुटतो. याला उतरण म्हणतात. वेटोळं घालताना वेल पिचकला की गेला, म्हणून हे काम आबा गड्याला देत नसत. स्वतः करत, आणि नंतर कुसुम.

मला नाही शिकवलं. म्हणजे — खरं बोलायचं ठरवलंय ना — मला शाळेत घातलं, मग बारामतीला होस्टेलवर ठेवलं, गावातल्या लोकांची बोलणी ऐकून घेऊन शिकवलं. पण मी काय धरून बसले? की मला जे दिलं त्यानं मी मळ्यापासून लांब गेले, आणि तिला जे दिलं त्यानं ती जवळ आली. हिशेब मांडणारी मीच. त्यामुळं उत्तर पाहिजे तसं यायचं.

आई गेल्यावर तर जास्तच. मी फोन करायचे. आबा दोन वाक्यं बोलायचे आणि म्हणायचे, ‘थांब, कुसुमला देतो.’ मला कुसुम नको असायची. मी त्यांना आवडतात म्हणून पेरू घेऊन जायचे, ते पेरू हातात फिरवून ठेवून द्यायचे. तासाभरानं कुसुम त्याच पेरूच्या फोडी करून मीठ लावून आणायची, तेव्हा खायचे. त्यांना दात नव्हते, चावायला फोडीच लागायच्या — हे मला तेव्हा दिसलं नाही, की दिसूनही मी बघितलं नाही?

एकदा बाजारात मी त्यांच्या मागनं चालत होते. पुढं आबा आणि कुसुम. कुणा अनोळखी व्यापाऱ्यानं पानांचा भाव करताना विचारलं, लेक का सून? आणि आबा म्हणाले, ‘लेकच हाय म्हना.’ मी चार पावलांवर होते. लेक मी होते. त्या दिवशी घरी येऊन मी डोकं दुखतंय म्हणून झोपले, आणि कुसुमनं माझ्या कपाळाला बाम चोळला. तिची बोटं कपाळावर होती आणि माझ्या पोटात नुसता जाळ. वाईट असती तर बरं झालं असतं हो. भांडता तरी आलं असतं. तिनं कधी एक उणा शब्द काढला नाही, आणि मी तेही तिच्या नावावर लिहून ठेवलं — बघा किती साळसूद.

आबांची फुफ्फुसं गेली होती. धाप लागायची, मग आणखी लागायची. पहिल्यांदा बारामतीच्या हॉस्पिटलात त्यांना मशीनवर ठेवलं, घशात नळी घातली, त्यातनं ते बाहेर आले. आले पण अर्धे होऊन आले. घरी ऑक्सिजनचं यंत्र, कुसुम पाठीला उशा लावणार, कुसुम थुंकी पुसणार. मी रविवारी जायचे. माझ्यापुरतं तेवढंच उरलं होतं, आणि तेवढं तरी आपण नेमानं करतो याचा मला अभिमान होता.

पुढं एका तपासणीला ते डॉक्टरांना सांगून आले. कुसुम सोबत होती. पुन्हा नळी घालू नका म्हणाले. आणि वर म्हणाले, ‘मला बोलता आलं न्हाय तर हिला इचारा. माझं काय ते कुसुमला ठावं हाय.’

हे मला कधी कळलं? ते दुसऱ्यांदा हॉस्पिटलात गेले तेव्हा. एका दुपारी धाप इतकी वाढली की दादानं त्यांना गाडीत घातलं आणि सुसाट बारामती गाठली. कुसुम मळ्यात होती. इमर्जन्सीला जो डॉक्टर होता त्याला काय माहीत, त्यानं नळी घातली, मशीन लावलं. कुसुम मागनं आली तेव्हा हातापायाला माती तशीच. काचेतनं नळी बघितली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. आजही ते डोळ्यांपुढनं जात नाही.

मशीनवरनं ते उतरेनात. डॉक्टरांनी सांगितलं, आता फुफ्फुसात काही उरलेलं नाही, हे बरं करणं नाही, लांबवणं आहे. कायद्यानं मशीन काढता येतं, पण त्याची रीत असते. आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं मंडळ बसलं, मग बाहेरच्या डॉक्टरांचं. दोघांचं मत एक पडलं. आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्रास होणार नाही असं औषध देऊ, मशीन काढू, घरचे सगळे जवळ बसा, म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी आबांचं ते वाक्य सांगितलं. जसंच्या तसं. माझं काय ते कुसुमला ठावं हाय.

दादा रडत होता. कुसुम पदर तोंडाशी धरून एवढंच म्हणाली, ‘आबा मला म्हनलं हुतं, पुन्यांदा नळी नगं. मी हो म्हनलं हुतं, वन्सं.’

आणि मी? बाप जातोय हे मनात आलंच नाही. आलं ते एवढंच — तिलाच का? त्यांनी जन्म दिलेली मी इथं बसलेय, आणि बापाचं मरण तिच्या हातात? मी उठले आणि म्हणाले, मला मान्य नाही. माझ्या बापाला मी मारू देणार नाही. मारू देणार नाही, हे शब्द. कुसुमकडं बघून म्हणाले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, मान्य नसेल तर तुम्ही हायकोर्टात जाऊ शकता, तोवर आम्ही परवा सकाळपर्यंत थांबतो. त्यांनी मला नियम सांगितला. मी तो आव्हान म्हणून घेतला.

नवऱ्यानं समजावलं. म्हणाला, आबांचा विचार कर, मंदा. मी म्हणाले, तोच करतेय. बारामतीतले वकील कॉलेजच्या कामामुळं ओळखीचे होते. त्यांनी मुंबईतल्या वकिलांना फोन लावला, तातडीची बाब म्हणून उद्याच उभं राहू म्हणाले. मग मला विचारलं, वहिनींचा यात काही स्वार्थ? जमीनजुमला वगैरे? नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी नुसती पंख्याकडं बघत राहिले, आणि त्यांनी लिहून घेतलं. अर्जात ते मोठ्या सभ्य भाषेत आलं. सून सर्व व्यवहार पाहते, सबब तिच्या सांगण्यावर विसंबणं धोक्याचं. वाचून मला लाज वाटली का? खरं सांगते, गार वाटलं.

वकिलांबरोबर पहाटेच गाडी करून मुंबईला गेले. दादाही आला होता, हॉस्पिटलच्या वकिलांबरोबर. कोर्टात आम्ही एकाच बाकावर बसलो, मधे माझी पर्स. अर्जातलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा दादानं माझ्याकडं बघितलं नाही. आपल्या चपलांकडं बघत होता.

मला वाटलं होतं खूप वाद होतील. तसं काही नसतं. दोन न्यायमूर्ती, दोघंही थकलेले, समोर कागदांचे ढीग. हॉस्पिटलच्या वकिलांनी मंडळांचं मत सांगितलं, आबा डॉक्टरांशी काय बोलले ते सांगितलं. माझ्या वकिलांनी सांगितलं की ही एकुलती एक मुलगी, हिला वडिलांनी असं कधीच सांगितलेलं नाही. मग त्यातल्या एका न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि थेट मला विचारलं. मराठीत, अगदी घरातल्यासारखं. ‘ताई, वडील तुमच्याशी याबद्दल कधी काही बोलले होते का? आठवून सांगा.’

आठवून सांगा म्हणाले.

आता इथं थांबावंसं वाटतंय. पण इतकं आलेय.

मला आठवायला काही लागलं नाही. आबा पहिल्यांदा मशीनवरनं सुटून घरी आले, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्याच्या तोंडाला मी एका रविवारी गेले होते. मळ्यात उतरण चालली होती. कुसुम भाकरी आणायला घरी गेली होती. आबांना बसायला खुर्ची टाकली होती, तरी ते खाली मातीत बसले होते, धापा टाकत, आणि वेलाचं वेटोळं घालत होते. उजव्या हाताचं बोट गोल फिरायचं, वेल त्याच्या मागं फिरायचा. मी बांधावर उभी होते. साडीला माती लागेल म्हणून बसले नव्हते. आबा मान वर न करता म्हणाले, ‘मंदे, वेल लई वर टांगून ठिवला की वाळतो. येळंत खाली घ्यावा. माझीबी अशीच उतरण करा गं. त्या नळ्यांत टांगून ठिवू नगा. तू शिकलेली हायेस, डाक्टर तुझं ऐकतील.’

मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, ‘आबा, भलतंसलतं बोलू नका बरं. चला, माझी गाडी चुकंल.’

‘बरं, बरं,’ म्हणाले. बोट फिरतच होतं. मी खरोखर एसटी गाठायला निघून गेले. गाडीत मला जरा भरून आलं होतं, पण बारामती रस्त्याला लागेपर्यंत मी दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या विचारात होते. त्या विषयावर आबा माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मग जिनं ऐकून घेतलं तिला सांगितलं.

म्हणजे आधी मला. कळतंय का तुम्हाला? माझा सगळा जाळ ज्यावर पेटला होता, की बापानं तिला निवडलं, मला नाही — तो मुळातच खोटा होता. आधी मलाच विचारलं होतं. मी गाडी चुकंल म्हणाले होते. आणि ते तिथं कोर्टात कबूल करायचं म्हणजे कुसुम खरी, आणि मी नुसती खोटीच नाही, पळपुटीही. न्यायमूर्ती वाट बघत होते.

मी म्हणाले, ‘नाही साहेब. कधीच नाही.’

पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे. म्हणजे मशीन काढायचं नाही. वकिलांनी माझं अभिनंदन केलं. बाहेर व्हरांड्यात दादानं स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली आणि विचारलं, ‘जेवलीस का?’ मी बाटली घेतली आणि प्याले.

हॉस्पिटलात परतले तेव्हा मी थेट आबांच्या कानाशी वाकले. म्हणाले, आबा, मी आलेय, मी तुम्हाला जाऊ देणार नाही. कुसुम पायाशी उभी होती, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. आबांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. नळीनं ओठाचा कोपरा सोलला होता. पाठीला जखम झाली होती, कूस बदलताना त्यांचं कपाळ आखडायचं. हे सगळं आधीच्या दिवशीही होतं. मी पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध जरा कमी केलं होतं. आम्ही दोघी त्यांच्याजवळ होतो. त्यांचं उजव्या हाताचं बोट हललं. चादरीवर गोल फिरलं. थांबलं, परत फिरलं. सावकाश, एकाच दिशेनं, एकावर एक. सिस्टर म्हणाली, होतं असं, बेशुद्धीतली हालचाल असते. असेलही. डॉक्टरकीतलं मला काय कळतं? पण मी ते बोट मातीत फिरताना बघितलं होतं, आणि त्यावेळी काय बोलणं झालं ते फक्त मलाच माहीत होतं.

कुसुमनं विचारलं, ‘वन्सं, आबा बोट का वो फिरवत्यात? काय मागत असत्याल?’

मी म्हणाले, ‘काय नाही गं. होतं असं, ऐकलं नाहीस का.’

त्याच हातानं ते नळीही ओढायला बघायचे, म्हणून संध्याकाळी सिस्टरनं हात कॉटच्या दांडीला बँडेजनं बांधला. माझी परवानगी विचारली. मला विचारली, कुसुमला नाही, कारण कोर्टातनं मी आले होते. मी मान हलवली.

एक फोन केला असता तर अर्ज मागं घेता आला असता. वकिलांचा नंबर मोबाईलमध्ये सगळ्यात वर होता. रोज सकाळी मी ठरवायचे, आणि कुसुम त्यांचे तळवे तेल लावून चोळताना दिसली की माझा हात परत पर्समध्ये जायचा. जळणं म्हणतात ते हे. बाप समोर सोलून निघत होता आणि मी वहिनीचे हात बघत होते.

तारखेच्या आधीच ते गेले. मशीन चालू असताना, हात बांधलेला असताना. घरचं जवळ कुणी नव्हतं, आत सोडायची वेळ संपली होती. नळी काढून त्यांना बाहेर आणलं तेव्हा कुसुमनं वाटीत पाणी आणलं. आमच्यात शेवटचं पाणी जवळच्या माणसानं तोंडात घालायचं असतं, जीव जायच्या आत. ती वेळ नळीनं कधीच नेली होती. तरी तिनं आणलं, आणि वाटी माझ्यापुढं धरली. ‘तुमी घाला, वन्सं. तुमी लेक.’

हेच तर मला हवं होतं. मी चमच्यानं घातलं. ते सोललेल्या कोपऱ्यातनं गळ्यावर ओघळलं, आणि कुसुमनं पदरानं टिपलं.

दहाव्याला लोक म्हणायला लागले की मंदानं बापासाठी जिवाचं रान केलं. सगळ्यात आधी कोण म्हणालं असेल? कुसुम. भावकीतल्या एकानं आडून काहीतरी टोमणा मारला, तर तीच पुढं होऊन म्हणाली, ‘वन्संचा जीव हुता आबांवर. लेकीला न्हाय सोडवत.’ अर्जात तिच्याबद्दल काय लिहिलं होतं ते दादानं तिला सांगितलंय की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा उतरणीला तिनं मला बोलावलं. म्हणाली, माणूस मिळंना, या दोन दिवस. मी गेले, यावेळी मातीत बसले. ती वेल खाली घेत होती, मी शेंडा धरून होते. तिचं बोट फिरत होतं, वेटोळं पडत होतं. आणि मधेच ती थांबली. स्वतःच्या हाताकडं बघत राहिली.

‘वन्सं,’ ती म्हणाली, ‘आबा तवा उतरण तर करत नसत्याल?’

मी म्हणाले, ‘मला काय माहीत.’

तिनं मान हलवली आणि परत वेल फिरवायला लागली. मी शेंडा धरून होते, वर माती ओढेपर्यंत.

मला माहीत होतं.